समुद्रावर उतरायचं की पुढे जायचं? ऑफशोअर हेलिकॉप्टरचं ‘डिचिंग’ सोप्या भाषेत

२२ ऑक्टोबर २०१२ च्या दुपारी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनहून एक ईसी-२२५ हेलिकॉप्टर शेटलंड बेटांच्या पश्चिमेला उभ्या असलेल्या, तेलविहिरी खोदणाऱ्या रिगकडे चाललं होतं. आत दोन पायलट आणि सतरा प्रवासी. वाटेत कॉकपिटमध्ये इशारा उमटला, की मुख्य गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब गेला आहे. अशा वेळेसाठी या हेलिकॉप्टरात एक राखीव व्यवस्था असते. बटण दाबलं की ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण गिअरबॉक्सच्या आत फवारलं जातं आणि साधारण अर्धा तास उडण्याची मुभा मिळते. पायलटने बटण दाबलं. थोड्याच वेळात दुसरा दिवा लागला, की ही राखीव व्यवस्थाही बंद पडली. आता नियमपुस्तिकेत एकच सूचना उरली होती: ताबडतोब उतरा. खाली फक्त नॉर्थ सी.

पायलटने हेलिकॉप्टर समुद्रावर उतरवलं. ताबा हातात ठेवून असं पाण्यावर उतरणं म्हणजेच ‘डिचिंग’. बाजूचे फुगे फुगले, ते सरळ तरंगत राहिलं, सगळे लाइफ राफ्टमध्ये उतरले आणि जवळच्या जहाजाने त्यांना उचललं. एकोणीसपैकी एकाचाही जीव गेला नाही.

पुढे ब्रिटनच्या अपघात तपास संस्थेने गिअरबॉक्स उघडला, तेव्हा कळलं की तो दुसरा दिवा खोटा होता. राखीव व्यवस्था नीट चालू होती. दाब मोजणारा स्विच आणि बाकीची यंत्रणा यांची मापं एकमेकांशी जुळणारी नव्हती, म्हणून व्यवस्था चालू असतानाही ती बंद पडल्याचा इशारा लागत होता. त्याच वर्षी १० मे रोजी ॲबरडीनच्या पूर्वेला याच जातीच्या दुसऱ्या हेलिकॉप्टरवर हुबेहूब हेच घडलं होतं आणि तेही समुद्रावर उतरलं होतं. त्यातले चौदाही जण वाचले.

मग त्या पायलटांनी उगाचच हेलिकॉप्टर पाण्यात घातलं का? माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. हा लेख मुख्यतः त्या ‘नाही’मागचं कारण सांगण्यासाठी आहे. आपल्याकडे मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर ड्युटीला जाणारी, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी असं आयुष्य काढणारी हजारो माणसं आहेत. त्यांच्या घरच्यांना हा विषय बातम्यांच्या मथळ्यांपलीकडे कळायला हवा.

इंजिनं दोन, गिअरबॉक्स एक

ऑफशोअर म्हणजे भर समुद्रातल्या कामासाठी वापरली जाणारी हेलिकॉप्टरं दोन इंजिनांची असतात. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर उडत राहता येतं. म्हणून ‘इंजिन बंद पडलं आणि हेलिकॉप्टर पडलं’ हे आपल्या मनातलं चित्र या प्रवासाला फारसं लागू नाही.

खरी मेख वेगळीच आहे. ईसी-२२५ च्या टर्बाइनचा दांडा मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतो आणि डोक्यावरची मोठी पाती मिनिटाला तीनशेपेक्षाही कमी. हा प्रचंड वेग उतरवून ताकद पात्यांपर्यंत नेण्याचं काम मुख्य गिअरबॉक्स करतो. शेपटीकडच्या छोट्या रोटरलाही ताकद इथूनच जाते, आणि तो छोटा रोटर नसेल तर हेलिकॉप्टरचं धड स्वतःभोवती गरगर फिरू लागेल. दोन्ही इंजिनांची ताकद शेवटी या एका पेटीतून जाते. तिला जोडीदार नाही. तेल गेलं की दातेरी चाकं तापतात, मऊ पडतात आणि झिजून तुटतात.

२०१२ च्या दोन्ही घटनांमध्ये तेलाचे पंप फिरवणारा उभा दांडा तडा जाऊन तुटला होता. वेल्डिंगपाशी गंजाचे अगदी बारीक खड्डे पडले होते आणि तडा तिथून सुरू झाला होता. या तपासामुळे त्या जातीची हेलिकॉप्टरं कित्येक महिने समुद्रावर जाऊ शकली नाहीत.

बिघाड किती गंभीर आहे त्यावरून पायलटला तीन पातळ्यांच्या सूचना असतात. सगळ्यात सौम्य सूचनेत सोयीच्या ठिकाणी उतरायचं असतं. त्यावरच्या पातळीत सुरक्षित जागा दिसेल तिथे लवकरात लवकर उतरायचं. सगळ्यात वरची सूचना ‘ताबडतोब’ अशी आहे. ती मिळाली की खाली पाणी असेल तर पाण्यावर उतरायचं. पंधरा मिनिटांवरचा किनारा किंवा समोर दिसणारा रिग यांचा विचार मनातून काढायचा. बोलायला सोपं आहे. हेलिकॉप्टर अजून छान उडतंय, कंप नाही, आवाज नाही आणि मागे सतरा माणसं बसली आहेत, अशा वेळी केवळ एका दिव्यावर विश्वास ठेवून ते लाटांवर टेकवायला फार मोठं मन लागतं.

पुढे जायचं ठरवलं तेव्हा

१२ मार्च २००९. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्सहून एक सिकोर्स्की एस-९२ अठरा जणांना घेऊन अटलांटिकमधल्या तेलक्षेत्राकडे निघालं होतं. सुमारे नऊ हजार फुटांवर असताना गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब कोसळला. पायलटांनी हेलिकॉप्टर वळवून किनाऱ्याचा रस्ता धरला, ते आठशे फुटांपर्यंत खाली आणलं आणि त्या उंचीवर सरळ उडत राहिले.

तेलाच्या फिल्टरचं भांडं गिअरबॉक्सला तीन टायटॅनियम स्टडनी (बोल्टसारख्या आट्यांच्या दांड्यांनी) बसवलेलं होतं. त्यातले दोन तुटले होते आणि तेल बाहेर गेलं होतं. पण तापमानाचा काटा शांत होता, कारण तो तेलाचं तापमान मोजतो आणि मोजायला तेलच उरलं नव्हतं. त्यामुळे दाबाचा काटा चुकतोय की खरंच तेल गेलंय, हा संभ्रम राहिला. त्यात हा गिअरबॉक्स तेलाशिवाय अर्धा तास चालतो, असा समज या क्षेत्रात पसरलेला होता. प्रत्यक्षात प्रमाणपत्र मिळवतानाच्या चाचणीत तो तेलाविना सुमारे ११ मिनिटांत निकामी झाला होता. पुढे ‘तेल पूर्ण जाण्याची शक्यता अत्यंत दुर्मीळ’ असा नियमातला अपवाद धरून त्याला मान्यता मिळाली होती.

आठशे फुटांवर असताना शेपटीच्या रोटरला ताकद देणारी चाकं गेली. इंजिनं बंद करून उतरण्याचा प्रयत्न झाला, पण वेग आटोक्यात आला नाही. हेलिकॉप्टर जोरात आपटलं आणि बुडालं. अठरापैकी एकच जण वाचला.

निर्मात्याने ते स्टड बदलून पोलादी बसवण्याची सूचना त्याच वर्षीच्या जानेवारीत काढली होती. त्यासाठी मुदत मात्र वर्षभराची होती. ही एक ओळ मला आजही बेचैन करते.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवा. एकीकडे दिवा खोटा होता, पायलटांनी तो खरा मानला आणि सगळे जगले. दुसरीकडे काटा खरा होता, त्याबद्दल शंका राहिली आणि सतरा जण गेले. समुद्रावर उतरणं हा उपाय ताबा हातात असेपर्यंतच उपलब्ध असतो. यंत्र धडधाकट वाटतंय तोवरच त्याचा उपयोग. एकदा ताबा गेला की मग जे होतं त्याला डिचिंग म्हणत नाहीत, कोसळणं म्हणतात.

काही बिघाड ही संधीसुद्धा देत नाहीत, हेही सांगायला हवं. १ एप्रिल २००९ ला स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ आणि २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत तुरोय बेटापाशी गिअरबॉक्समधलं चाक आतून फुटलं आणि डोक्यावरचा अख्खा रोटर निखळला. पहिल्यात १६ आणि दुसऱ्यात १३ माणसं गेली. तिथे पायलटच्या हातात काहीच नव्हतं.

उतरणं कसं होतं

ताकद शाबूत असेल तर पायलट वाऱ्याकडे तोंड करून वेग अगदी कमी करतो आणि लाटांची दिशा बघून हेलिकॉप्टर पाण्यावर हळूच टेकवतो. ताकद गेली असेल तर ‘ऑटोरोटेशन’ कामी येतं. इंजिनापासून सुटलेली पाती खाली येताना अंगावर येणाऱ्या हवेने फिरत राहतात. पायलट त्यांचा कोन कमी ठेवून तो फिरता वेग जपतो आणि पाण्याजवळ आल्यावर कोन एकदम वाढवून साठलेली सगळी ताकद घसरण थांबवण्यासाठी खर्च करतो. ही संधी एकदाच मिळते.

१९ जानेवारी १९९५ ला नॉर्थ सीमध्ये एका सुपर प्युमा हेलिकॉप्टरवर वीज पडली आणि शेपटीच्या रोटरचं पातं दुखावलं. काही मिनिटं ते थरथरत उडालं, मग शेपटीकडचा गिअरबॉक्सच निसटला. पायलटने ऑटोरोटेशन करून ते उंच लाटांच्या खवळलेल्या समुद्रात उतरवलं. ते उलटलं नाही. अठराही माणसं राफ्टमध्ये गेली आणि सगळी वाचली. हेलिकॉप्टर त्यानंतरही काही तास तरंगत होतं.

मग माणसं बुडतात कशी?

वाचण्याजोग्या अपघातांतही सर्वाधिक मृत्यू आपटून होत नाहीत. ते बुडून होतात, आणि पुष्कळदा केबिनच्या आतच.

हेलिकॉप्टरचं सगळं जड सामान छपरावर असतं: इंजिनं, गिअरबॉक्स, रोटर. खाली केबिन म्हणजे बरीचशी पोकळी. छोट्या होडीत चार जण उभे राहिले की ती कशी डुचमळते, तशी याची अवस्था. म्हणून नाकाशी आणि दोन्ही बाजूंना दाबलेल्या हेलियम किंवा नायट्रोजनने क्षणात फुगणारे मोठे फुगे बसवलेले असतात. नव्या यंत्रणांत पाणी लागताच ते आपोआप फुगतात, जुन्यांत पायलटला बटण दाबावं लागतं. मात्र हे फुगे एका ठरावीक दर्याच्या मापाने तपासलेले असतात. वर सांगितलेल्या कॅनडातल्या एस-९२ चे फुगे ‘सी स्टेट ४’ साठी होते, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मीटरच्या लाटांसाठी. नॉर्थ सीमध्ये आता चार ते सहा मीटरपर्यंतच्या, म्हणजे ‘सी स्टेट ६’ च्या लाटांचा हिशेब धरतात. लाट नुसती उंच असून भागत नाही, ती किती उभी आहे आणि फुटते आहे का, हे जास्त महत्त्वाचं. लांबलचक उंच लाटेवर हेलिकॉप्टर वरखाली होत राहील. बुटकी पण फुटणारी लाट त्याला कुशीवर पाडेल.

उलटलं तरी फुगे त्याला बुडू देत नाहीत. पण मग ते पोट वर करून तरंगतं आणि केबिन, खिडक्या, माणसं सगळं पाण्याखाली जातं. अशा वेळी बाहेर पडायला मिनिटभराच्या आतबाहेर वेळ लागू शकतो. नॉर्थ सीच्या गार पाण्यात शिरल्यावर मात्र अंगाला असा झटका बसतो की श्वास आपोआप ओढला जातो, आणि दम धरण्याची क्षमता दहा-वीस सेकंदांवर येते. ही वजाबाकी जुळत नाही. डिचिंगच्या सुरक्षेचा सगळा खटाटोप ती जुळवण्यासाठी चालतो.

२३ ऑगस्ट २०१३ ला शेटलंडमधल्या सम्बरो विमानतळाकडे येताना एका सुपर प्युमाचा वेग नकळत फार कमी झाला आणि ते पाण्यात पडलं. आदळण्याच्या जरा आधी सहपायलटने फुगे सज्ज केले होते, त्यामुळे हेलिकॉप्टर तरंगत राहिलं, पण लगेच उलटलं. अठरापैकी चार जण गेले. प्रवाशांच्या जॅकेटमध्ये श्वासाची पिशवी होती. पाण्याखाली आपलाच श्वास तीत सोडून पुन्हा घ्यायचा, अशी ती योजना, आणि त्या पिशवीत थोडी हवा आधीपासून भरलेलीही होती. उड्डाणापूर्वी दाखवलेल्या व्हिडिओत मात्र ही गोष्ट नीट सांगितलेली नव्हती. आधी दीर्घ श्वास घ्यायला मिळाला तरच पिशवीचा उपयोग, असं प्रवाशांना वाटू शकत होतं. पाण्यात पडताना दीर्घ श्वास घ्यायची सवड कुणाला मिळते? उपकरण अंगावर होतं, ते कसं वापरायचं याची पूर्ण माहिती मात्र प्रवाशांपर्यंत पोचलीच नव्हती.

यानंतर ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१४ मध्ये कडक नियम आणले. समुद्र ठरावीक मर्यादेपेक्षा खवळलेला असेल तर उड्डाण नाही. एका हाताने काही सेकंदांत तोंडात धरता येईल आणि पाण्याखालीही लावता येईल अशी हवेची छोटी नळकांडी प्रत्येकाकडे हवी. ती मिळेपर्यंत बाहेर ढकलता येणाऱ्या खिडकीशेजारच्याच जागा भरायच्या, मधली माणसं नकोत. शिवाय प्रवाशांच्या खांद्यांची रुंदी मोजायची: ती २२ इंच किंवा त्याहून जास्त असेल तर त्या माणसाला मोठ्या खिडकीशेजारीच बसवायचं. सुरुवातीला अनेकांना हे अपमानास्पद वाटलं. मला ते अतिशय माणुसकीचं वाटतं, कारण खिडकीत अडकलेला माणूस स्वतः तर जातोच, त्याच्या मागच्याची वाटही बंद होते.

पाण्याखालची ती काही सेकंदं

ऑफशोअर जाणाऱ्यांना एक प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याला सगळे ‘ह्युएट’ म्हणतात. तलावात खोटी केबिन बुडवून उलटी करतात आणि तिच्यातून बाहेर पडायला शिकवतात. त्यातल्या गोष्टी डोक्याला उलट्या वाटणाऱ्या आहेत, म्हणून त्या अंगवळणी पाडाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे पट्टा लगेच सोडायचा नाही. केबिन फिरायची थांबेपर्यंत एक हात पट्ट्याच्या बकलवर आणि दुसरा खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा. पट्टा सुटलेला माणूस पाण्यात गोल फिरतो आणि खिडकी कुठे होती हेच विसरतो. चौकटीवर हात असेल तर जग उलटं झालं तरी उजवीकडची खिडकी उजवीकडेच राहते. खिडकी ढकलायचीही पट्टा बांधलेला असतानाच, कारण सैल तरंगणाऱ्या शरीराला जोर लावता येत नाही. खिडकी गेली की हात बाहेर घालून चौकट धरायची, मग पट्टा सोडायचा आणि स्वतःला ओढून काढायचं.

दुसरी गोष्ट, लाइफ जॅकेट आत असताना कधीही फुगवायचं नाही. उलट्या केबिनमध्ये जमीन वर गेलेली असते. फुगलेलं जॅकेट माणसाला त्या जमिनीशी दाबून धरतं आणि खिडकी त्याच्या खाली राहते. तिथून खाली सूर मारणं जवळपास अशक्य. म्हणूनच पाणी लागताच आपोआप फुगणारी जॅकेट या प्रवासात देत नाहीत.

ज्यांच्या घरचं कुणी ड्युटीवर जातं त्यांनी हे एकदा त्यांच्याकडून समजून घ्यावं. सांगता सांगता त्यांचीही उजळणी होते.

आपला समुद्र

मुंबई हायचा शोध १९७४ ला लागला. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवरच्या या क्षेत्राकडे जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरं जातात. आपलं पाणी कोमट आहे, त्यामुळे थंडीचा तो जीवघेणा झटका इथे बसत नाही आणि जाड इमर्शन सूटही लागत नाही. ही आपली जमेची बाजू. पण पावसाळ्यात दर्या उठतो, तीन-चार मीटरच्या लाटा नवलाच्या नसतात, ढग खाली येतात आणि दिसेनासं होतं. क्रू बदलणं मात्र थांबत नाही.

२८ जून २०२२ ला पवन हंसचं सिकोर्स्की एस-७६डी मुंबई हायवरच्या सागर किरण रिगजवळ समुद्रात पडलं. नऊ जणांपैकी पाच वाचले, चार गेले. मदत हाकेच्या अंतरावर होती, रिगवरून बोट सुटली होती, तरीही चार गेले. त्याउलट ८ मार्च २०२३ ला नौदलाच्या एएलएच हेलिकॉप्टरची ताकद मुंबईजवळ अचानक गेली आणि ते झपाट्याने खाली येऊ लागलं. पायलटने ते ताब्यात ठेवून पाण्यावर उतरवलं आणि तिघांनाही नौदलाच्या गस्ती नौकेने सुखरूप काढलं.

बाहेर पडल्यावरही एक काम उरतं, ते म्हणजे सापडणं. उभ्या लाटांमध्ये माणसाचं डोकं शंभर मीटरवरूनही दिसत नाही आणि प्रवाह त्याला सतत सरकवत असतो. राफ्टचं महत्त्व इथे आहे: तो मोठा आहे, भगव्या रंगाचा आहे आणि सगळ्यांना एकत्र ठेवतो. राफ्ट नसेल तर माणसांनी एकमेकांचे हात अडकवून गोल करून राहावं, कारण सात जणांचा पुंजका एकट्या माणसापेक्षा कितीतरी लवकर दिसतो. हेलिकॉप्टरवर ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवणारा बीकन असतो. तो उपग्रहांनी टिपला की आपल्याकडे तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला खबर जाते. तसाच छोटा बीकन माणसाच्या जॅकेटवरही लावता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ तटरक्षक दलाचंच हेलिकॉप्टर एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला रात्री गेलं आणि समुद्रात पडलं. चौघांपैकी एक वाचला. तिघे गेले आणि त्यातल्या शेवटच्याचा शोध महिन्याहून जास्त चालला. शोधणारं दल अनुभवी होतं, त्यांच्याकडे जहाजं होती, विमानं होती. तरी एवढा वेळ लागला. प्रत्येक प्रवाशाच्या जॅकेटवर स्वतःचा बीकन हवा आणि तो चालू आहे ना हे जुहूला हेलिकॉप्टरात चढण्याआधी तपासलं जावं, ही मागणी कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लावून धरण्यासारखी आहे.